वाचकांचे प्रश्न : पाण्याच्या वाटेवरचे गाव

युरोपच्या प्रवासाहून परतलेल्या वाचकांची पत्रे दर पावसाळ्यात येतात आणि त्यांतली बहुतेक पत्रे हवामान, जेवण आणि खर्च यांविषयीची असतात. या वेळी मात्र आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एकाच लहानशा गावाभोवती फिरत होती. म्हणून या अंकाचे सदर आम्ही त्या एकाच गावाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही जूनमध्ये फ्लोम येथून गुडवांगनला बोटीने गेलो. वाटेत डाव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी मूठभर घरे आणि एक अगदी लहान पांढरे चर्च दिसले. गावाचे नाव उंद्रेदाल असून १९८८ पर्यंत या गावाला रस्ताच नव्हता, असे आमच्या मार्गदर्शकाने सांगितले. जगापासून इतके तुटून ही माणसे शेकडो वर्षे कशी जगली असतील? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मार्गदर्शकाने सांगितलेले वर्ष बरोबर आहे, त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र आम्हाला पटत नाही. रस्ता नाही म्हणजे संपर्क नाही, हे समीकरण मोटारीच्या काळात वाढलेल्या आपल्या पिढ्यांचे आहे. फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून जमिनीत आत शिरलेला समुद्राचा अरुंद पट्टा. उंद्रेदाल ज्या आउरलांद फ्योर्डवर वसले आहे, तो सोग्ने फ्योर्डचा एक फाटा आहे, आणि सोग्ने फ्योर्ड हा समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत शिरलेला जलमार्ग आहे. ज्या काळात घोड्यावरून डोंगर ओलांडायला दिवसचे दिवस लागत आणि हिवाळ्यात तेही जमत नसे, त्या काळात वल्ही आणि शीड असलेल्या होडीतून माणूस, गुरे, धान्य आणि बातमी ही सारी याच पाण्यावरून जात-येत होती. गावे पाण्याच्या काठी वसली ती याच कारणाने. त्या मानाने डोंगरमाथ्याजवळची शेतवस्ती खऱ्या अर्थाने आडबाजूची होती.

या जलमार्गाचे महत्त्व समजण्यासाठी दोन ठिकाणांचे उदाहरण पुरेसे आहे. फ्योर्डच्या मुखाजवळ गुलन येथे दहाव्या शतकाच्या सुमारापासून पश्चिम नॉर्वेची लोकसभा भरत असे. तिला गुलाथिंग म्हणत, आणि तिथे ठरलेले कायदे नंतरच्या काळात लिहून ठेवले गेल्यामुळे आज वाचता येतात. दुसरे ठिकाण फ्योर्डच्या आतल्या भागातले. १५ जून ११८४ रोजी फिमराइट येथे राजा स्वेरे आणि राजा माग्नुस एर्लिंगसन यांच्या ताफ्यांची पाण्यावरच लढाई झाली, तीत माग्नुस मारला गेला आणि नॉर्वेच्या गादीचा निकाल लागला. न्याय आणि राज्य या दोन्ही गोष्टी ज्या पाण्यावरून चालत होत्या, त्याच्या काठचे गाव तुटलेले होते, असे म्हणणे कठीण आहे.

पुढे पश्चिम किनाऱ्यावरचे बर्गन हे बंदराचे शहर भरभराटीला आले तेव्हा सोग्नच्या, म्हणजे या फ्योर्डभोवतीच्या मुलखातल्या, शेतकऱ्यांच्या होड्या लोणी, कातडी, चीज आणि जळाऊ लाकूड घेऊन तिकडे जात आणि धान्य, मीठ, लोखंड घेऊन परत येत. शेतजमिनीचा खंडदेखील पश्चिम नॉर्वेत बराच काळ लोण्याच्या मापाने मोजला जाई, म्हणजे कुळाच्या दुभत्याचा हिशेब थेट शहराच्या बाजाराशी जोडलेला होता. १६४७ मध्ये सरकारी टपालसेवा सुरू झाली आणि आताच्या ओस्लोहून, म्हणजे त्या वेळच्या क्रिस्तियानियाहून, बर्गनला जाणारी टपाली वाट याच भागातून गेली. टपाल वाहून नेण्याचे काम वाटेवरच्या शेतकऱ्यांना नेमून दिलेले असे. शेजारच्या नॅरोय फ्योर्डवर हिवाळ्यात बर्फ धरला की होडी चालत नसे आणि बर्फावरून चालण्याचाही भरवसा नसे, म्हणून स्टीवी या शेतवस्तीपासून काठाकाठाने एक पायवाट बांधलेली होती. ती वाट आजही चालून पाहता येते. १८५८ मध्ये या जिल्ह्यासाठी बाष्पनौकांची सेवा सुरू झाल्यावर फ्योर्डकाठची गावे ठरलेल्या वेळापत्रकाने बर्गनशी बांधली गेली.

मग गाव दुर्गम केव्हा झाले? विसाव्या शतकात, आणि आमच्या मते याचे कारण मोटार आहे. १९०९ मध्ये बर्गन आणि राजधानी यांना जोडणारी रेल्वे डोंगरमाथ्यावरून सुरू झाली. तिला फ्योर्डशी जोडणारा फ्लोमचा फाटा १९४० मध्ये पूर्ण झाला; वीस किलोमीटरच्या या फाट्यावर वीस बोगदे असून त्यांतले अठरा हाताने खोदलेले आहेत. रस्ते वाढले, बोटींच्या फेऱ्या घटल्या, आणि जे गाव आठशे वर्षे हमरस्त्यावर होते ते, स्वतः तसूभरही न हलता, आडवाटेला जाऊन पडले. म्हणजे १९८८ च्या रस्त्याने हजार वर्षांचा वनवास संपवला नाही. फार तर दोन-तीन पिढ्यांची अडचण संपवली.

त्यातही एक गंमत आहे. उंद्रेदालचा रस्ता ज्या महामार्गाला जाऊन मिळतो, तो गावाच्या एका अंगाला पाच किलोमीटरच्या आणि दुसऱ्या अंगाला सव्वाअकरा किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरतो. २००० साली लॅरदाल आणि आउरलांद यांच्यामधला साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा उघडला, तो जगातला सर्वांत लांब मोटारबोगदा आहे, आणि त्यामुळे ओस्लो ते बर्गन हा प्रवास वर्षभर फेरीबोटीशिवाय होऊ लागला. आता दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात गाडी असते तेवढ्या वेळात उंद्रेदालची पाटी मागे पडते.

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकात फ्योर्डला कधी ‘खाडी’ तर कधी ‘सागरी दरी’ म्हटलेले असते. आमची जयगडची किंवा दाभोळची खाडी आणि फ्योर्ड यांत नेमका फरक काय? (एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : कोकणातली खाडी ही मुळात नदीने कोरलेली दरी, समुद्राची पातळी वाढल्यावर तिच्या खालच्या टोकात पाणी शिरले. म्हणून ती मुखाशी रुंद आणि आत जाऊ तशी उथळ होत जाते, आणि तिच्या काठाने गाळ, खारफुटी व खाजणे असतात. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला असतो. हिमनदीला समुद्रसपाटीचे बंधन नसते. शेकडो मीटर जाडीच्या बर्फाचे वजन खडकाला समुद्रपातळीच्या खूप खालपर्यंत खरवडत नेते. सोग्ने फ्योर्डची सर्वाधिक खोली सुमारे १३०० मीटर आहे, पण मुखाशी, जिथे हिमनदी पसरून पातळ झाली आणि तिची ताकद संपली, तिथे तळाचा खडक उंबरठ्यासारखा वर आलेला आहे. खाडी मुखाकडे खोल होते आणि फ्योर्ड मुखाशी उथळ होतो, एवढे विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिले तरी काम भागेल.

गावाच्या इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. फ्योर्डच्या भिंती सरळ पाण्यात उतरतात, त्यामुळे काठाला सपाट जमीन जवळपास नसतेच. जिथे एखादा ओढा किंवा नदी बाजूच्या दरीतून उतरते आणि मुखाशी दगडगोट्यांचा पंखा पसरते, तेवढीच जागा घर बांधायला आणि बार्ली पेरायला मिळते. उंद्रेदाल अशाच एका दरीच्या तोंडाशी आहे. फ्लोम या नावाचा अर्थच मुळी ‘सपाट जागा’ असा आहे. सपाटीचे इतके अप्रूप असलेल्या मुलखात ते नाव पडावे यात नवल नाही. ‘फ्योर्ड’ या शब्दाचे मूळ ‘ओलांडून जाणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपाशी जाते, त्याच धातूपासून आपला ‘पार’ हा शब्द आला आहे. ‘सागरी दरी’ या पाठ्यपुस्तकी शब्दापेक्षा हे नाते आम्हाला अधिक बोलके वाटते.

प्रश्न : त्या गावातले लाकडी चर्च बाराव्या शतकातले आहे, असे वाचले. आमच्याकडे सागवानी वाडा दोनशे वर्षे टिकला तरी कौतुक होते. पावसाच्या प्रदेशात लाकूड आठशे-नऊशे वर्षे कसे टिकते? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : या बांधणीला खांबांवरून ‘स्ताव’ चर्च म्हणतात. आधीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि ते काही दशकांत कुजत. बाराव्या शतकातल्या सुतारांनी दगडी पायावर आडवी तुळई ठेवून तिच्यात खांब बसवायला सुरुवात केली, आणि लाकूड ओल्या मातीपासून सुटले. लाकूड चीड जातीच्या झाडाचे, राळेने भरलेले असे, आणि बाहेरून त्याला लाकडाचेच डांबर पुन्हापुन्हा फासले जाई. सुतारकीतली खरी खुबी पायाच्या दगडात होती, असे म्हणायला हरकत नाही.

मध्ययुगात नॉर्वेत अशी हजाराहून अधिक चर्च होती, आज २८ उरली आहेत. इतकी थोडी का, याचे उत्तर गावाच्या इतिहासातच आहे. १३४९ मध्ये बर्गनला आलेल्या जहाजातून काळी महामारी देशात शिरली आणि निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक लोक दगावले, असे इतिहासकार मानतात. सोग्नसारख्या भागात वरच्या चढावरची शेते ओस पडली, राबायला माणसे उरली नाहीत, आणि चर्च बांधणीची ही कला तिथेच थांबली. नंतर १५३७ मध्ये, तेव्हा नॉर्वेवरही राज्य असलेल्या डेन्मार्कच्या राजाने प्रोटेस्टंट धर्मसुधारणा लागू केली, चर्चच्या जमिनी राजाकडे गेल्या, भिंतींवरची जुनी चित्रे बदलली किंवा रंगाखाली गेली. पण सर्वांत मोठा नाश एकोणिसाव्या शतकातला. १८५१ च्या कायद्याने प्रत्येक चर्चमध्ये तिथल्या दहांपैकी तीन माणसांना बसता येईल एवढी जागा हवी, असे ठरवले, आणि लोकसंख्या तर बटाटा आणि देवीची लस यांमुळे वाढलेली होती. ठिकठिकाणी जुनी चर्च पाडून मोठी बांधली गेली.

उंद्रेदालचे चर्च आज वापरात असलेल्या स्ताव चर्चपैकी सर्वांत लहान आहे. त्यात चाळीस माणसे बसतात. दहांत तीन या हिशेबाने चाळीस आसने साधारण एकशे तीस वस्तीच्या गावाला पुरतात. म्हणून गाव लहान राहिले आणि त्यामुळेच चर्च वाचले, असा आमचा तर्क आहे; तो तर्क म्हणूनच घ्यावा. मधल्या काळात त्यात भर पडली, बाहेरून फळ्या ठोकून पांढरा रंग दिला गेला, त्यामुळे बोटीवरून पाहताना ते कालपरवाचे वाटते. आउरलांदचे १२०२ च्या सुमाराचे दगडी चर्च याच्या कितीतरी पट मोठे आहे, आणि दोन्ही एकाच फ्योर्डवर, जवळजवळ उभी आहेत.

प्रश्न : नॉर्वेजियन लोकांची आडनावे गावांवरून पडतात, असे माझ्या तिथल्या सहकाऱ्याने सांगितले. म्हणजे आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखेच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : साम्य आपण समजता त्याहून अधिक आहे, आणि फरकही तसाच मोठा आहे. जुन्या नॉर्वेजियन ग्रामीण नावाचे आपल्यासारखेच तीन भाग असत : स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि ठिकाणाचे नाव. पेरचा मुलगा ओला असेल तर ‘ओला पेरसन’, मुलगी असेल तर ‘पेरची मुलगी’ या अर्थाचे ‘पेर्सदत्तर’, आणि त्यापुढे तो किंवा ती ज्या शेतवस्तीवर राहत असेल तिचे नाव. मात्र तिसरे नाव कुळाचे नव्हते, ते पत्त्याचे होते. माणसाने शेत बदलले की नाव बदले. दुसऱ्याच्या शेतावर लग्न करून गेलेला जावईसुद्धा त्या शेताचे नाव लावी. आपल्याकडे सातारा सोडून चार पिढ्या झाल्या तरी सातारकर सातारकरच राहतात. तिथे ते पुढच्याच वर्षी दुसरे कोणी झाले असते. १९२३ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला कायमचे आडनाव घ्यावे लागले, आणि अनेकांनी त्या वेळी ज्या शेतावर होते तेच नाव घेतले.

शेताला इतके महत्त्व होते, याचे कारण गाव म्हणजे अशा शेतवस्त्यांचाच समूह असे. फ्लोम आणि आउरलांद यांच्यामध्ये ओटरनेस नावाची वस्ती आहे. तिथे चार शेतांची मिळून सत्तावीस लाकडी घरे, गोठे आणि कोठारे एका उंचवट्यावर दाटीने उभी आहेत, त्यांतली जुनी सतराव्या शतकातली आहेत. वाटण्या होऊन होऊन एकेका शेतकऱ्याची जमीन असंख्य पट्ट्यांत विखुरलेली असे, आणि आपल्या पट्ट्यावर जायला दुसऱ्याचा पट्टा तुडवावा लागे. एकोणिसाव्या शतकातल्या एकत्रीकरणाच्या कायद्यांनी हे पट्टे एकजागी केले आणि अशा दाट वस्त्या बहुतेक ठिकाणी मोडल्या, घरे आपापल्या जमिनीवर गेली. आपल्याकडचा तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा १९४७ चा. त्याच्या अंमलाची कथा ज्यांनी आपल्या गावी ऐकली असेल, त्यांना ओटरनेसमधल्या भांडणांची कल्पना सहज करता येईल.

प्रश्न : तिथले तपकिरी चीज आणले. चव गोडसर, दुधाच्या वडीसारखी लागली. हे खरेच चीज आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काटेकोर बोलायचे तर नाही, आणि आपली जीभ बरोबर सांगते आहे. दूध फाडून गोळा बाजूला काढला की खरे पांढरे चीज तयार होते. उरलेली निवळी आपण बहुधा ओतून देतो किंवा कणकेत वापरतो. सोग्नमधल्या बायकांनी ती मोठ्या कढईत, जवळजवळ दिवसभर, लाकडाच्या विस्तवावर ढवळत आटवली. पाणी उडून जाते, दुधातली साखर तांबूस होते, आणि शेवटी जो गोळा उरतो तो घोटून साच्यात थापला की तपकिरी चीज झाले. खव्याची आणि याची रीत एकच आहे, फक्त खव्यात दूध आटते आणि इथे निवळी. बाजारातल्या तपकिरी चीजमध्ये पुष्कळदा गाईचे दूध आणि साय असते. उंद्रेदालचे मात्र बकरीच्या दुधाचे, आणि गावात माणसांपेक्षा बकऱ्या कितीतरी जास्त आहेत.

बकरीच का, याचे उत्तर जमिनीत आहे. जिथे गाय उभी राहू शकत नाही तिथे बकरी चरते. उन्हाळ्यात जनावरे वरच्या कुरणावर नेत, तिथल्या झोपडीला या भागात ‘स्तोल’ म्हणतात, आणि तिथे राहून दूध काढणे, लोणी घुसळणे, चीज करणे हे सर्व काम बायका आणि मुली करत. पुरुष त्या दिवसांत खाली गवत कापून हिवाळ्याची बेगमी करत. गाव वर्षभर जगे ते या उन्हाळ्यातल्या दोन-अडीच महिन्यांच्या कामावर, आणि बर्गनला जे विकले जाई त्यात बायकांच्या हातचाच माल मोठा असे. इतिहासाच्या पुस्तकांत राजा स्वेरेची लढाई येते, कढई ढवळणारी बाई येत नाही. आम्हाला विचाराल तर गाव टिकले ते कढईमुळे.

प्रश्न : अशा गावांत आता तरुण राहतात का? की सगळे पर्यटनापुरतेच उरले आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गाव सोडण्याची गोष्ट नवी नाही. १८२५ मध्ये स्टावांगरहून पहिले जहाज स्थलांतरितांना घेऊन अमेरिकेला निघाले, आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन देश सोडून गेले. १८०१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. सोग्न हा सर्वाधिक माणसे गेलेल्या भागांपैकी एक. जमीन वाढत नव्हती, माणसे वाढत होती, आणि शेत मिळे ते थोरल्या मुलाला. धाकट्यांपुढे मजुरी किंवा मिनेसोटा एवढेच पर्याय होते.

साधारण त्याच काळात उलट दिशेने दुसरी माणसे येऊ लागली. इंग्लंडमधले धनिक नदीत सॅमन मासे पकडायला फ्लोमला येत आणि शेतकऱ्यांकडे उतरत. हॉटेलचा धंदा तिथून वाढला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आउरलांदच्या डोंगरातले पाणी अडवून वीजनिर्मिती झाली, ती वीज मुख्यतः ओस्लोसाठी. त्यातून पंचायतीला उत्पन्न मिळाले, काही धबधबे मात्र रोडावले, आणि त्यावरून झालेला वाद जुन्या लोकांना अजून आठवतो. २००५ मध्ये नॅरोय फ्योर्ड आणि त्याचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आला.

आज फ्लोमची कायम वस्ती काही शेकड्यांची आहे आणि एखादे मोठे प्रवासी जहाज धक्क्याला लागले की एका सकाळी त्याच्या कित्येक पट माणसे उतरतात. उंद्रेदालची वस्ती शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे; बकऱ्या पाळणारी आणि चीज करणारी कुटुंबे तिथे अजून आहेत, पण तरुणांना शिक्षण आणि नोकरी यांसाठी बाहेर जावेच लागते. जहाजांच्या धुराविषयीच्या तक्रारींनंतर नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये या वारसा-फ्योर्डांत शून्य उत्सर्जनाचा ठराव केला. दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना तो नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत मिळाली आहे. फ्लोम ते गुडवांगन या मार्गावर २०१८ पासून पूर्णपणे विजेवर चालणारी बोट आहे. पुण्याच्या वाचकांनी ज्या बोटीतून उंद्रेदाल पाहिले ती हीच असेल, तर काठावरच्या बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा त्यांना ऐकू आल्या का, हे त्यांनी पुढच्या पत्रात जरूर कळवावे.